हरीशच्या पाठीची चौकशी

रजा कशी काढायची हे हरीशला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती विद्या त्याच्या घराण्यात होती. वडील साताऱ्याला जिल्हा परिषदेत. सबंध नोकरीत त्यांनी रजेच्या अर्जात एकच कारण लिहिलं, ते म्हणजे पाठ. मूळव्याध झाली, पाठ. मेव्हण्याचं लग्न, पाठ. शेजाऱ्याशी भांडून ओठ सुजला, तेव्हाही पाठ. ते हरीशला समजावून सांगत, "पोट म्हटलं तर साहेब विचारतो काय खाल्लंस. ताप म्हटलं तर हात लावून बघतो. पाठ कुणाला दिसत नाही, आणि प्रत्येक साहेबाची स्वतःची दुखत असते."

त्यामुळे न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमध्ये डॉक्टर फ्रेझरने लांब रजेचा फॉर्म त्याच्या हातात ठेवला तेव्हा हरीश मनात म्हणाला, हे तर आपण झोपेतसुद्धा करू.

झोप मात्र येत नव्हती. मूळ दुखणं तेच होतं.

हरीश गावाबाहेरच्या एका चीज फॅक्टरीत लॅब टेक्निशियन होता. चीजमध्ये पाणी किती, फॅट किती, हे मोजायचं काम. काम बरं होतं, माणसं बरी होती, पगारही बरा होता. सगळं बरं असताना उन्हाळ्यापासून त्याच्या आतलं काहीतरी हळूहळू बसत गेलं. केक ओव्हनमधून लवकर काढला की बसतो, तसं. सकाळी उठून दात घासायचे म्हणजे कळसूबाईचं शिखर चढायचं असल्यासारखं वाटे. फॅक्टरीपर्यंत गाडी नेई आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग धरून बसून राही. एकदा इतका वेळ बसला की गोडाऊनच्या ट्रेव्हरने काचेवर टकटक करून विचारलं, "बॅटरी गेली का, मेट?"

"हो," हरीश म्हणाला. तसं ते खोटं नव्हतं.

ट्रेव्हर धावत जाऊन जंपर केबल घेऊन आला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ट्रेव्हरला आपल्या केबलचं केवढं कौतुक वाटलं.

शेवटी एक दिवस एकाच चीजचं पाणी तो सकाळपासून मोजत होता आणि आकडा डोक्यात राहत नव्हता, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. फ्रेझर म्हातारा, सावकाश बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं, डिप्रेशन आहे म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या, आणि काही आठवडे कामावर जायचं नाही असं बजावलं. फॉर्मच्या आपल्या अर्ध्या भागात त्याने एवढंच लिहिलं, की वैद्यकीय कारणामुळे कामावर जाण्यास असमर्थ.

"उरलेला अर्धा भाग तुझा साहेब भरेल. काय झालंय ते त्याला सांगायची सक्ती नाही. सांगावंसं वाटलं तर सांग."

हरीशला अजिबात सांगावंसं वाटत नव्हतं. साहेबाला नाही आणि गावातल्या मराठी लोकांना तर मुळीच नाही. ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. गावात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्येक घरात एक तरी माणूस आजाऱ्यांवर पोट भरणारा. कुणी डॉक्टर, कुणी नर्स, कुणी केमिस्ट. ज्याचा पेशंट चीज आहे असा हरीश एकटाच. अशा गावात गुपचूप सर्दी होणंही अवघड. म्हणून तो गोळ्या आणायला गाडी काढून शेजारच्या फिल्डिंग गावात गेला. पामर्स्टनच्या मोठ्या केमिस्टकडे काउंटरवर राजारामदादा असायचे, आणि राजारामदादांची गेल्या सहा दिवाळ्यांची चकली हरीशने खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन तो सुपरवायझर ब्रायनच्या खोलीत गेला. ब्रायन गुडघ्यापर्यंत मोजे घालणारा दणकट माणूस. त्याने फॉर्म वाचला, पेन काढलं, टोपण उघडलं. सही होतच होती. पण ब्रायन भला माणूस, नुसती सही करणं त्याला बरं वाटेना.

"काही गंभीर नाही ना?"

बास. एवढाच प्रश्न. हरीशने नुसतं 'बरा होईन' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्रश्न विचारणारा साहेब होता आणि उत्तर देणारा साताऱ्याचा होता.

"पाठ," हरीश म्हणाला.

ब्रायनने पेनाचं टोपण परत लावलं.

"पाठ? बस. नको, बसू नकोस. उभा राहा. की बसतोस? कशाने बरं वाटतं?"

"कशानेही," हरीश खरं तेच बोलला. "म्हणजे, कशानेच नाही."

"इथे झालं का? काम करताना?"

आता हरीशला एक गोष्ट माहीत नव्हती. साताऱ्यात पाठ म्हटलं की साहेब विषय बंद करतो. न्यूझीलंडमध्ये पाठ म्हटलं की साहेब कपाट उघडतो. कारण इथे कुणाला कामावर लागलं तर तो आजार नाही, अपघात. अपघाताचं सरकारी खातं वेगळं, फॉर्म वेगळा, आणि चौकशीही वेगळी. हरीशला वाटलं, घरी झालं म्हटलं तर रजा मिळणार नाही. तो मान डोलावून "इथेच" म्हणाला. ब्रायनने पांढरा फॉर्म बाजूला सरकवला आणि निळा काढला.

"हा चुकीचा फॉर्म दिलाय तुला डॉक्टरने. काय उचलत होतास?"

चीज फॅक्टरीत माणूस काय उचलणार. "चीज," हरीश म्हणाला.

"कुठे?"

"कोल्ड रूममध्ये."

"किती उंचीवरून?"

हरीशने हात वर केला. थोडा जास्तच वर गेला. ब्रायनने शिट्टी वाजवली आणि लिहून घेतलं. "आणि हे इतक्या उंच रचलं कुणी?"

"कुणी नाही," हरीश घाईने म्हणाला. "म्हणजे रचलेलं होतं. आपोआप."

चीज आपोआप रचलं जात नाही हे ब्रायनला माहीत होतं. कोल्ड रूममध्ये रचायचं काम एकाच माणसाचं होतं हेही माहीत होतं. पण त्या वेळी त्याने 'आपोआप' एवढंच लिहून घेतलं. चौकशी पुरी होईपर्यंत हरीशने रजेवर जायचं नाही, लॅबमध्ये नुसतं बसून राहायचं, काही उचलायचं नाही असं ठरलं. पेन्सिलसुद्धा उचलू नकोस, ब्रायन म्हणाला. आणि त्याने ती खरंच उचलून दिली.

म्हणजे ज्या माणसाला घरी अंथरुणावर पडायला हवं होतं, तो रोज सकाळी हजर. वर आता त्याला वाकून चालावं लागे.

आठवडा संपायच्या आत हेड ऑफिसचा सुरक्षा अधिकारी आला. हातात टेप, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. कोल्ड रूम बंद केली. फॅक्टरी चालूच असल्यामुळे नवं चीज बाहेर साठत गेलं, आधी पॅसेजमध्ये, मग जिन्यात, मग ब्रायनच्या खोलीत. ब्रायन पिवळ्या ठोकळ्यांच्या मागून फोनवर बोलताना दिसे, त्याचं फक्त कपाळ.

"नेमकं कसं झालं ते करून दाखव," अधिकारी म्हणाला.

हरीश वाकला. ठोकळा उचलला. छातीपर्यंत आणला, फिरला, रॅकवर ठेवला आणि ताठ उभा राहिला. सगळं इतकं सुबक झालं की अधिकाऱ्याने कॅमेरा खाली घेतला.

"मग लागलं कधी?"

"ह्याच्या नंतर," हरीश म्हणाला, आणि आठवण झाली म्हणून कण्हला.

"तुझी उचलायची पद्धत तर पुस्तकातल्यासारखी आहे. म्हणजे दोष रचण्यात आहे." अधिकाऱ्याने वहीत लिहिलं आणि हरीशला हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीत पाठवलं.

तिथे पडदा सरकवून आत कोण यावं? कांचनवहिनी. राजारामदादांची बायको. पांढरा कोट, केसांचा अंबाडा, कोपरापर्यंत वर सारलेल्या बाह्या.

"अगंबाई, हरीश? पाडव्याला आला नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि भेटतोस ते असा? शर्ट काढ, पालथा हो."

वहिनींच्या हातात माणूस नसून कणीक असल्यासारखा त्यांचा हात चालायचा. त्यांनी मणका मणका तपासला. "इथे दुखतं?"

"हो."

"इथे?"

"हो."

"आणि इथे?"

"तिथे तर फारच."

"मघाशी डावीकडे फारच होतं. आता उजवीकडे आलं. चालतं-फिरतं दुखणं दिसतंय." त्या म्हणाल्या, "उठ. तुझी चप्पल घाल आणि त्या खुर्चीत बस."

हरीश उठला, वाकला, टेबलाखाली गेलेली रबरी चप्पल ओढून काढली, पायात घातली आणि बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

पडद्यापलीकडे कुणाच्या तरी गुडघ्यावर मशीन गुणगुणत होतं.

"तुझी पाठ कॉलेजातल्या पोराची आहे, हरीश. मी रोज पाठी बघते. पण तुझं तोंड मला बरं दिसत नाही. जेवतोस का?"

हरीश म्हणाला, "जेवतो की." मग म्हणाला, "टोस्ट खातो." मग म्हणाला, "टोस्टही नाही खात, वहिनी. भाजतो नुसता." आणि मग तो रडायला लागला.

त्यांनी घाई केली नाही. टॉवेल दिला. पाठ पुसायचा मोठा टॉवेल होता तो, त्याच्यात सगळं तोंड बुडालं. टॉवेलच्या आतूनच हरीशने सगळं सांगितलं. झोप, पार्किंग, फ्रेझर, गोळ्या, निळा फॉर्म. डिप्रेशन हा शब्द त्याने टॉवेलमध्ये म्हटला, त्यामुळे नीटसा ऐकू आला नाही, पण वहिनींना कळला.

"मग त्या बिचाऱ्या पाठीला कशाला मध्ये ओढलंस?"

"ते तोंडातून निघून गेलं. वडील रजेच्या अर्जात तेच लिहायचे."

"आता मी रिपोर्टात काय लिहायचं?"

"थोडंसं दुखतं असं..."

"मी साताऱ्याच्या जिल्हा परिषदेत नाही, बाबा. पाठ उत्तम आहे तर उत्तमच लिहिणार. सोमवारपर्यंत माझ्याकडे टायपिंग पडून राहील, तेवढ्यात तू तुझ्या साहेबाशी बोल." त्या उठल्या. "ह्यांना सांगू?"

"नको, वहिनी."

"बरं. पण डबा पाठवीन. पाठ दुखतेय म्हणून पाठवतेय असं सांगेन. तेवढं खोटं चालतं मला."

त्या संध्याकाळी राजारामदादा डबा घेऊन आले. गरम मुगाची खिचडी, कढी, पापड, आणि वर नारायण तेलाची बाटली. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतःच ताट शोधलं. सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर होता, त्यातून एक काढून धुतलं. ओट्यावर फिल्डिंगच्या केमिस्टची पांढरी पिशवी पडली होती. दादांनी ती बघितली. केमिस्ट माणूस, त्याला पिशवी उघडावी लागत नाही. ती बाजूला सारून तिथे त्यांनी ताट ठेवलं.

"जेव." हरीश चार घास जेवेपर्यंत ते गॅसची शेगडी पुसत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "फिल्डिंगला जाऊन पेट्रोल कशाला जाळतोस? आमच्याकडेही सगळ्या कंपन्यांच्या गोळ्या मिळतात. प्रश्न विचारत नाही आम्ही. प्रश्नांचं लायसन्सच नाही आमच्याकडे."

हरीशने कढीत पापड बुडवला. तो विरघळेपर्यंत बघत बसला.

"आणि हे तेल?" त्याने विचारलं.

"ते असू दे. कुणाला दाखवायला लागलं तर."

एवढं सगळं होऊनही हरीश ब्रायनशी बोलला का? नाही. तुम्हाला वाटत असेल, दोन माणसांना कळलंय, आता तिसऱ्याला सांगायला काय जातं. पण हे दुखणं असंच असतं. दोघांना सांगून माणूस इतका दमतो की तिसऱ्याच्या दारापर्यंत जाण्याइतकं बळच उरत नाही. तो रोज लॅबमध्ये वाकून येत राहिला आणि सोमवार जवळ येत राहिला.

शुक्रवारी पार्किंगमध्ये परत काचेवर टकटक झाली. ट्रेव्हर होता. हातात सुपरमार्केटची पिशवी, पिशवीत घरच्या झाडाचे फिजोआ. आपल्या पेरूच्या नात्यातलं हे हिरवं फळ. शरद ऋतूत पामर्स्टनमधला प्रत्येक माणूस ते दुसऱ्या प्रत्येक माणसाला वाटत फिरतो.

"पाठीचं ऐकलं," ट्रेव्हर म्हणाला. "माझंच चुकलं असणार, मेट. मी इतकं उंच रचतो असं मला वाटत नव्हतं. पण सेफ्टीवाल्याने मोजलंय म्हणतो. सोमवारी मला बोलावलंय. लेखी वॉर्निंग देणार असं दिसतंय."

"तुला?"

"दुसरा कुणी रचतच नाही ना. इतकी वर्षं झाली, कागदावर कधी नाव आलं नव्हतं." त्याने पिशवी खिडकीतून आत दिली. "तू उचलू नकोस, मीच सीटवर ठेवतो. बायको म्हणते, पाठीच्या दुखण्याने माणूस चिडचिडा होतो. तू मात्र चिडला नाहीस माझ्यावर. चांगला आहेस तू."

हरीशला आतापर्यंत स्वतःबद्दल बरंच वाईट वाटत होतं, पण त्याला कारण नव्हतं. आता कारण मिळालं. आणि गंमत अशी की कारण असलेलं वाईट वाटणं जरा हलकं असतं, उचलता येतं. तो गाडीतून उतरला आणि सरळ ताठ चालत निघाला. ट्रेव्हर मागून ओरडला, "हळू, हळू, पाठ!"

ब्रायनच्या खोलीत चीजची भिंत आता दारापर्यंत आली होती. हरीशने वरचा ठोकळा उचलून खाली ठेवला, मग दुसरा, तेव्हा कुठे ब्रायन दिसला. ब्रायन त्या ठोकळ्यांकडे बघत होता.

"माझी पाठ दुखत नाही," हरीश म्हणाला. "कधीच दुखत नव्हती. ट्रेव्हरने काही केलेलं नाही. मला डिप्रेशन आहे."

एकदम बोलून टाकलं. टॉवेल नव्हता, त्यामुळे नीट ऐकू आलं.

ब्रायनने खुर्ची मागे ढकलली, तर मागेही चीज. थोडा वेळ तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर नेहमीचा वारा होता आणि त्यात एक सीगल उडायचा प्रयत्न करत होता, जागच्या जागी.

"म्हणजे पाठ ठीक आहे?"

"पहिल्या नंबरची."

"देवा, तुझे आभार," ब्रायन म्हणाला. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन लाल झाला. "तसं नाही. म्हणजे, हे वाईटच. माझ्या भावाला होतं. तो कुणाला बोललाच नाही, गाई दुभायचा आणि गप्प बसायचा, शेवटी फार त्रास झाला सगळ्यांना. तू बोललास ते बरं केलंस. पण पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत," हरीश म्हणाला.

ब्रायनला ते कळलं नाही. कळणं शक्यही नव्हतं, त्याला साताऱ्याला न्यावं लागलं असतं. त्याने ढिगाखालून पांढरा फॉर्म काढला, झटकला, अर्धा भाग भरला आणि सही केली. "स्वीट ॲज, झालं तुझं काम. आजपासून घरी जा. ट्रेव्हरचं मी बघतो, कागद फाडून टाकतो आत्ताच. आणि जाताना..." त्याने भिंतीकडे हात केला. "पाठ पहिल्या नंबरची आहे म्हणालास ना?"

हरीश आणि ट्रेव्हर, दोघांनी मिळून दुपारपर्यंत चीज कोल्ड रूममध्ये नेलं. काय झालं होतं ते हरीशने ट्रेव्हरला तिथेच सांगितलं, दोन ठोकळ्यांच्या मध्ये. ट्रेव्हरने हातातला ठोकळा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी बॅटरी गेली नव्हती?" हरीश म्हणाला, नव्हती. ट्रेव्हरला पाठीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आणि मग हरीश घरी गेला, पडदे ओढले आणि झोपला.

फोन वाजला तो मंगळवारी सकाळी. झालं होतं असं की कांचनवहिनींनी कबूल केल्याप्रमाणे सोमवारी खरा रिपोर्ट टाईप करून फॅक्टरीला फॅक्स केला. पाठ उत्तम, सर्व प्रकारच्या कामास पूर्णपणे योग्य. तो पगाराच्या विभागात पोचला. ब्रायनचा पांढरा फॉर्म मात्र अजून कुठल्या तरी ट्रेमध्ये होता. त्यामुळे फोनवर पगाराच्या विभागातली बाई फार खुशीत होती.

"आनंदाची बातमी, हरीश. तू एकदम फिट आहेस असं आलंय. मग आज का नाही आलास?"

हरीश अंथरुणात उठून बसला. जुना हरीश असता तर उठून शर्ट घातला असता आणि कामावर गेला असता. "माझी पाठ फिट आहे," तो म्हणाला. "रजा डिप्रेशनची आहे."

"असं होय? मग ते माझ्याकडे नाही. थांब हं, लाईन देते."

लाईन गेली रजेच्या विभागात. तिथे एक तरुण मुलगा होता. हरीशने त्याला सांगितलं, रजा, डिप्रेशन, पांढरा फॉर्म, ब्रायनची सही आहे. मुलगा म्हणाला, ब्रायनची सही असलेले फॉर्म आधी सुरक्षेकडे जातात. लाईन सुरक्षेकडे गेली. तिथे पिवळ्या हेल्मेटवाला अधिकारीच निघाला. त्याला हरीशने तिसऱ्यांदा सांगितलं. अधिकारी म्हणाला की वाईट वाटलं ऐकून, पण तुझी उचलायची पद्धत खरंच उत्तम आहे, ट्रेनिंगसाठी ते फोटो वापरले तर चालेल का? हरीश म्हणाला, चालेल, पण माझा फॉर्म? अधिकारी म्हणाला, थांब, देतो लाईन.

चौथ्यांदा फोन उचलला तो एका बाईने. मागे काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. पण हरीशने आता आवाजांचा विचार करणं सोडून दिलं होतं. सकाळपासून तो शब्द इतक्यांदा तोंडातून गेला होता की आपला पत्ता सांगावा तसा यायला लागला होता.

"नमस्कार. मी लॅबमधला हरीश. मला डिप्रेशन आहे, म्हणून डॉक्टरांनी काही आठवडे रजा दिली आहे. पाठीचा काही संबंध नाही, पाठ उत्तम आहे, तो फॅक्स बघू नका. पांढरा फॉर्म बघा. मला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, आता जरा येते. तर माझी रजा तेवढी लावून घ्या."

पलीकडे तळणं थांबलं.

"अरे राजा," बाई म्हणाली, "त्यांनी तुला कँटीनला जोडून दिलंय."

हरीशने पांघरूण डोक्यावरून ओढलं.

"पण तू सांगितलंस ते बरं केलंस हो. मी ब्रायनला सांगते, तो आत्ता इथेच रांगेत उभा आहे." मग तिने विचारलं, "तू परत आलास की तुझ्यासाठी एक गरम मीट-पाय काढून ठेवू का? खिम्याचा की खिमा आणि चीजचा?"

हरीशने विचार केला. बऱ्याच दिवसांत त्याला कुठल्या खाण्याचा विचार करावासा वाटला नव्हता.

"नुसता खिम्याचा," तो म्हणाला. "चीज नको. चीजचा मला कंटाळा आलाय."